कवायतबाईंचा डावा पाय

"माझा डावा पाय आहे का हो तुमच्याकडे?"

दारातून असा प्रश्न आला की माणूस आधी विचारणाऱ्याच्या पायांकडे बघतो. मीही बघितलं. दोन पाय होते, दोन्ही बुटांत होते, शेजारी एक काठी होती. मग नजर वर नेली आणि कवायतबाई दिसल्या. आमच्या अर्ध्या वस्तीला या बाईंनी शाळेच्या मैदानावर डावा-उजवा शिकवला. मलाही शिकवला. मला तो शेवटपर्यंत नीट आला नाही, आणि हे त्या इतक्या वर्षांत विसरलेल्या नाहीत.

"तू होय," त्या म्हणाल्या. "आधी उजवा टाकणारा."

"या बाई, बसा."

त्या बसल्या आणि काठीच्या टोकाने त्यांनी डाव्या बुटावर टकटक केलं. आवाज पोकळ आला. "गेल्या वर्षी शुगरने नेला," त्या म्हणाल्या. कोणीतरी छत्री नेली आणि परत दिली नाही, असा सूर. "हा बसवलाय तो तात्पुरता. पक्का पाय व्हायचाय. पण तो बनवणारा म्हणतो, डाव्याचं माप नाही, तर उजव्याचाच उलटा करून देतो. आरशात दिसतो तसा. आता तूच सांग, माझे दोन पाय कधी एकसारखे होते का?"

नव्हते. हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! बाजारातला जोड ज्यांना बसत नाही, अशांचं आमचं दुकान. कोणाचा एक पाय आखूड, कोणाची टाच तिरकी, कोणाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसलेला. अशा पायाचा आम्ही आधी लाकडी ठोकळा कोरतो, त्याला फर्मा म्हणतात, आणि फर्म्यावर चामडं ताणून बूट शिवतो. कवायतबाईंचा डावा पाय लहानपणीच्या आजारामुळे उजव्यापेक्षा दीड नंबर लहान, कमान उंच, बोटं बारीक. त्या पायावर त्यांनी तीस वर्षं मैदान गाजवलं.

"सकाळी उठून खाली बघते, तर दोन उजवे पाय," बाई म्हणाल्या. "डावा-उजवा ओरडण्यात जन्म गेला माझा, आणि आता डावाच नाही? मी त्याला म्हटलं, थांब, माझा डावा मी शोधून आणते. त्याने गुरुवारपर्यंत वेळ दिलाय. गुरुवारी साचा ओतला, की पुढची पाच-सात वर्षं तोच पाय."

आज सोमवार होता.

मी घसा साफ केला. बाई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या, त्याला बारा वर्षं झाली होती. आणि आमच्याकडे एक नियम आहे. दहा वर्षं जे गिऱ्हाईक फिरकलं नाही, त्याचा फर्मा तासून लहान पायासाठी वापरायचा आणि कॉम्प्युटरमधलं मापही पुसायचं. हा नियम माझा आहे. मला नीटनेटकेपणाची आवड आहे. घरचे याला वेगळं नाव देतात. दर जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मी सगळ्यांना बाजूला सारून कॉम्प्युटरसमोर बसायचो, सफाईचा हुकूम द्यायचो आणि ऐटीत उठायचो.

हे बाईंना कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत मी आतल्या टेबलाकडे बघितलं. तिथे मावशी बसली होती.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, वय एकाहत्तर. तेहतीस वर्षांपूर्वी तिने हट्टाने दुकानात कॉम्प्युटर आणला, तेव्हा माझ्या वडिलांनी आठवडाभर अबोला धरला होता. शिकवणारं कोणी नव्हतं. तिने पुस्तकं वाचून स्वतः प्रोग्राम लिहिले. पायाचं प्लास्टर घ्यायचं, यंत्राची सुई त्याच्याभोवती फिरवायची, दर दोन मिलिमीटरला चोवीस आकडे नोंदवायचे, टाचेपासून बोटांपर्यंत. मधल्या रेषेपासून कातडी किती मिलिमीटर लांब, एवढंच एकेक आकडा सांगतो. त्या आकड्यांवरून लेथ लाकूड कोरतो. साडेचारशे माणसांचे पाय तिने असे आकड्यांत घालून ठेवलेत.

"मावशी," मी म्हणालो, "बाईंचं माप आता—"

"तुझ्या मेहुण्याला फोन कर," मावशी म्हणाली. "नव्या कॉम्प्युटरमध्ये शोधू दे त्याला."

"पण नियमाप्रमाणे—"

"फोन कर."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका मोठ्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. घरात त्याला एक्सपर्ट म्हणतात. सुरुवात मी थट्टेने केली होती. त्याने ती पदवी समजून स्वीकारली. महिन्यापूर्वी त्याने जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं एका केबलमधून नव्यात आणलं होतं. परीक्षा म्हणून स्वतःच्या पायाचं माप आधी जुन्यात घातलं, मग नव्यात आणलं, मग लेथवर कोरलं. पाय हुबेहूब उतरला. तो लाकडी पाय आता त्याच्या ऑफिसातल्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो, आणि माझ्या सासरी त्याचं कौतुक काही केल्या संपत नाही. जुनं यंत्र मागच्या खोलीत चामड्याच्या गुंडाळ्यांखाली गेलं. शनिवारी भंगारवाला येऊन नेणार होता. त्यानंतर महिनाभर नवा फर्मा कोरायची वेळच आली नव्हती. कामं फळीवरच्या जुन्या फर्म्यांवर चालली होती.

एक्सपर्ट जेवणाच्या सुट्टीत आला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने बाईंचा नंबर टाकला. दोनशे सतरा.

"हे काय, आहे की," तो म्हणाला. "दोनशे सतरा डावा, दोनशे सतरा उजवा. भाऊजी, तुम्ही उगाच घाबरता."

मी चक्रावलो. बाईंचं माप दोन वर्षांपूर्वीच पुसलं जायला हवं होतं, आणि पुसणारा मी. मी मावशीकडे बघितलं. मावशीला त्याच क्षणी सुईत दोरा ओवायची निकड लागली होती.

"आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं तर. उद्या सकाळी येते." आणि काठी टेकत उठल्या. उठताना त्यांनी डावाच पाय आधी टाकला. तो सरळ पडला नाही, पण टाकला.

संध्याकाळी लेथ लावला. टाच सुंदर उतरली. कमान अशी उतरली की मी हात लावून बघितलं. एक्सपर्ट खुर्चीत मागे रेलून फोनवर कोणाला तरी सांगत होता की जुन्या लोकांना नव्या यंत्राची भीती वाटते. मग लेथ बोटांपाशी आला आणि काहीतरी बिनसलं. लाकूड हळूहळू कलायला लागलं. ओला टॉवेल पिळावा तसं पाऊल फिरत गेलं; अंगठ्याची बाजू छताकडे वळली आणि करंगळीची जमिनीकडे. शेवटी लेथ वेळेआधीच थांबला, आणि टोकाला लाकडाचा एक नको असलेला गोळा तसाच राहिला.

आम्ही तिघं त्या पायाकडे बघत उभे राहिलो.

"तुमचा लेथ जुना झालाय," एक्सपर्ट म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणालो. मला हे वाक्य त्याला ऐकवायची संधी सात वर्षांनी मिळाली होती.

मंगळवारी सकाळी बाईंनी तो पाय हातात घेतला, फिरवला, पुन्हा फिरवला. "हा पाय आहे की स्क्रू?" त्या म्हणाल्या. "हा बसवला तर मी चालायच्या ऐवजी जमिनीत जाईन." एक्सपर्ट हसला, मीही हसलो. मग बाईंनी पाय टेबलावर ठेवला आणि त्यांच्या आवाजातला मैदानी जोर गेला. "नसेल होत, तर तसं सांगा. मी त्या माणसाला कळवते, उजव्याचाच कर म्हणून."

"अजून उद्याचा दिवस आहे," मावशी म्हणाली. "बसा तुम्ही."

तिने एक्सपर्टला बाईंच्या पायाचे सगळे आकडे कागदावर छापायला लावले. मग पट्टी आणि पेन्सिल घेऊन ती खिडकीपाशी बसली आणि चोवीस-चोवीस आकड्यांच्या ओळी पाडू लागली. एकशेआठ ओळी व्हायला हव्या होत्या. शेवटच्या ओळीत सहा आकडे कमी पडले.

"सहा आकडे कुठेतरी गळालेत," ती म्हणाली. "एक गळाला की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात. सहा गळाले म्हणजे पाव वळण. म्हणून पिळलाय."

"कोणते गळाले?" मी विचारलं.

ती बराच वेळ कागद न्याहाळत राहिली. मग तिने एक्सपर्टला त्याच्या स्वतःच्या पायाचे आकडेही छापायला लावले. दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला एक्सपर्टची दया आली.

"बाईंच्या पायात बारा आहेत, चौदा आहेत, अकरा आहेत, दहा आहेत. तेरा एकही नाही. बाराच्या शेजारी चौदा, असं चार जागी दिसतंय. आणि तुझ्या पायात," ती त्याला म्हणाली, "अठराच्या खाली काही नाहीच. टाच अठ्ठावीस, बोटं अठरा. तुझं पाऊल म्हणजे बाळा, उशी आहे. त्यात तेरा असणार कुठून आणि गळणार कुठून!"

बाई एवढ्या हसल्या की काठी पडली. एक्सपर्टने आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. परीक्षेला बसवायचं तर जगात हाच एक पाय सापडला होता, ज्याला नापास होणं शक्यच नव्हतं.

पण तो खरोखरच कॉम्प्युटरवाला आहे, हे मला मान्य करावं लागेल. तेरा ऐकल्यावर त्याच्या डोक्यात लगेच उजेड पडला. चेहरा पडला तोही लगेच.

"जुन्या यंत्रात लिखाणाची ओळ संपली की तिथे दोन आकडे बसतात, तेरा आणि दहा," तो म्हणाला. "नव्याला एकटा दहा पुरतो. म्हणून लिखाण आणताना वाटेतच तेरा गाळून टाकतात. मी सगळ्या फायली लिखाण म्हणून आणल्या. पायसुद्धा."

"पण पाय आणि पत्र यातला फरक कळत नाही का त्याला?" बाईंनी विचारलं.

"जुन्याला कळतो," मावशी म्हणाली. "जुन्यात प्रत्येक फायलीला नाव वेगळं आणि खूण वेगळी. एक म्हणजे प्रोग्राम, दोन म्हणजे पाय, तीन म्हणजे लिखाण. नावात ते लिहिलेलं नसतं, यादीत असतं. याने नावं आणली, खुणा तिथेच राहिल्या."

"मला वाटलं त्या खुणा म्हणजे असंच काहीतरी," एक्सपर्ट पुटपुटला.

"मग आता ते सहा तेरा परत घाला की," मी म्हणालो.

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जिथे जागा दिसते तिथे घालता येतील. पण तेराच्या शेजारी तेराच असला तर? दोन्ही गेले, माग काय राहिला? अंदाजाने घातला तर अंदाजाचा पाय होईल. अंदाजाचाच हवा असता तर बाईंना उजव्याचा उलटा मिळतच होता."

म्हणजे जुनं यंत्र पुन्हा चालू करायचं. आम्ही मागच्या खोलीत गेलो. चामड्याच्या गुंडाळ्या बाजूला केल्या. यंत्र होतं, पण त्याची विजेची वायर जागेवर नव्हती. ती मी चहाच्या किटलीला लावली होती. एक्सपर्टच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदाच थोडा तजेला आला.

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आत काहीतरी घरघरलं आणि थांबलं. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा डावा पाय जगात आता या एकाच पेटीत होता, आणि पेटी बोलायला तयार नव्हती. शनिवारी मी ती पेटी स्वतः उचलून भंगारवाल्याच्या गाडीत ठेवणार होतो.

"सरका," मावशी म्हणाली. तिने यंत्राच्या उजव्या बाजूला हात ठेवला आणि तसाच ठेवून ती मिनिटभर उभी राहिली. मग एक चापट मारली. फार जोरात नाही, आळशी मुलाला उठवताना मारतात तेवढी. आणि बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" एक्सपर्टने विचारलं.

"लिहिलं नाही अजून," मावशी म्हणाली.

मंगळवारी दुपारभर एक्सपर्टने मान खाली घालून काम केलं. ऑफिसला त्याने काय सांगितलं कोण जाणे. या वेळी त्याने प्रत्येक फायलीला एक पाकीट करायचं ठरवलं: आत फाइल जशीच्या तशी, एक आकडाही न हलवता, आणि पाकिटावर नाव आणि खूण. नवं यंत्र आधी पाकीट वाचेल. तीन असेल तरच लिखाण समजून बदल करेल, एक किंवा दोन असेल तर हातही लावणार नाही. कल्पना चांगली होती आणि मी तसं म्हणालोही. शत्रूचं चांगलं असेल तर चांगलं म्हणावं, आणि मेहुणा काही अगदीच शत्रू नसतो.

तो छापलेल्या यादीवरून खुणा वाचत होता, नंबर तिच्यात मागेपुढे लागलेले, आणि मावशी शेजारी बसून मान हलवत होती. दोनशे सतरावर तो थांबला.

"मावशी, इथे तुमची चूक झालीय. बाईंच्या दोन्ही पायांना खूण एक लागलीय. हे प्रोग्राम नाहीत, पाय आहेत. दोन करू?"

मावशीने चष्मा काढून पुसायला घेतला.

"आणि हे बघा, हेही तसंच. एकशेचार. एकशेएकोणतीस." तो भराभर खाली गेला. "अहो, त्रेसष्ट माणसं आहेत अशी. सगळ्यांच्या पायांना खूण एक. सगळी दुरुस्त करून घेतो."

"नको," मावशी म्हणाली.

"पण चुकीची खूण नव्यात कशाला न्यायची?"

"चुकीची नाही ती. मी घातलीय." मग ती माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "याची जानेवारीतली सफाई फक्त दोन खुणेवाल्यांना पुसते. प्रोग्रामला हात लावत नाही."

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि सगळे जानेवारी एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोरून गेले. मी ऐटीत बसतोय, सफाईचा हुकूम देतोय, हात झटकत उठतोय. आणि आदल्या शुक्रवारी मावशी, 'जरा हिशेब बघते' म्हणून एकटीच मागे थांबलेली. सफाईनंतर डिस्क जेवढी रिकामी व्हायला हवी तेवढी कधीच होत नसे. मी ते यंत्राच्या म्हातारपणावर ढकललं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"म्हणजे तुम्ही मला फसवत होतात, इतकी वर्षं?" मी म्हणालो. रागावलो की मी मावशीला तुम्ही म्हणतो.

"फसवत कुठे होते? तू सफाई करत होतास, मी करू देत होते."

बाईंनी काठीवर हनुवटी टेकली होती. त्या म्हणाल्या, "शाळेत पण हा असाच. रांग सरळ पाहिजे, माणूस पडला तरी चालेल."

एक्सपर्टने तडजोड म्हणून समजुतीचा सूर लावला. "मावशी, नव्या यंत्रात जागाच जागा आहे. पुसायचं कारणच नाही. मग खूण बरोबर करायला काय हरकत आहे? नाहीतर नवं यंत्र यांना प्रोग्राम समजून चालवायला जाईल, आणि ते चालणार नाहीत."

"यंत्रात जागा आहे रे," मावशी म्हणाली. "याच्या नियमात नाही. आणि माझा लेथचा प्रोग्राम एक खुणेवालेही कोरतो. ती सोय मी कधीच केलीय. जशा आहेत तशाच ने."

मी ती यादी एक्सपर्टच्या हातातून घेतली. रागानेच घेतली होती. पुसलेले सगळे नंबर मला पाठ होते; नीटनेटक्या माणसाला असल्या गोष्टी पाठ असतात. हा रात्रपाळीचा पहारेकरी, गेला. या जुळ्या बहिणी, परदेशी गेल्या. हा एका टाचेवर चालणारा सुतार, त्याच्या तोंडात कायम खिळे असायचे. असं करत खाली आलो आणि चाळिसाव्या ओळीवर थांबलो. नंबर तीन. आमच्या दुकानाचा तिसरा पाय. माझ्या आईचा.

आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मागच्या जानेवारीत सफाईत तिचाही नंबर येणार, हे मला ठाऊक होतं. मी दोन मिनिटं पडद्यासमोर बसलो होतो. मग स्वतःला म्हणालो की नियम म्हणजे नियम, बटण दाबलं आणि चहा प्यायला गेलो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मला आणखी राग यायला हवा होता, पण होता तोही निघून गेला. लाज वाटली, आणि लाजेच्या खालून असं काही भरून आलं की मी चामडं शोधायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेलो. तिथे चामड्याला तोटा नव्हता. थोड्या वेळाने मावशी आली आणि किटली लावायला लागली. वायर नव्हती. ती तशीच किटली हातात धरून उभी राहिली आणि आम्ही दोघंही हसलो.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तू नियम बदलला असतास, माझ्यासाठी. मग मनातल्या मनात वर्षभर कुढला असतास. त्यापेक्षा हे सोपं."

मी बाहेर येऊन एक्सपर्टला म्हणालो, "जशा आहेत तशा घे. एकही खूण बदलू नकोस."

"पण भाऊजी, पद्धत म्हणून—"

"उशी," मी म्हणालो. तो कामाला लागला.

बुधवारी सकाळी लेथ लावला. सगळे उभे होते. टाच आली, कमान आली. बोटांपाशी एक्सपर्टने डोळे मिटून घेतले. मीही मिटले असते, पण ठोकळ्यावर लक्ष ठेवायचं काम माझं होतं. लाकूड सरळ राहिलं. पाऊल निमुळतं होत गेलं, टोकापर्यंत नीट गेलं, आणि लेथ जिथे थांबायला हवा तिथेच थांबला. मी भुसा झटकला आणि फर्मा बाईंच्या मांडीवर ठेवला.

बाईंनी तो उचलला नाही. आधी हाताचा तळवा कमानीखाली घातला. मग अंगठा कडेकडेने पुढे नेला, आणि करंगळीच्या बुडाशी तो थांबला. तिथे लाकडाला एक छोटा उंचवटा होता, डाळीच्या दाण्याएवढा.

"भोवरी," त्या म्हणाल्या. "माझी भोवरीसुद्धा ठेवलीत?"

"तेव्हा होती ती पायाला," मावशी म्हणाली. "सुईला जे लागलं ते तिने लिहिलं."

मी कानस हातात घेतली. सवयच आहे. "ही घासून देऊ का बाई? आता ती दुखायची काही राहिली नाही—"

"खबरदार!" मैदानावरचा आवाज होता तो. माझे दोन्ही पाय आपोआप जुळले. "पहिल्या वर्षीच्या संचलनातली आहे ती. सहा किलोमीटर, नवे बूट, पुढे मी. त्या माणसाला सांगणार आहे, भोवरीसकट ओत म्हणून." मग त्यांनी फर्मा उचलून छातीशी धरला आणि त्या रडल्या, मोठ्याने, मुळीच न लाजता. मावशीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एक्सपर्ट केबल गुंडाळत होता, आधीच गुंडाळलेली.

डोळे पुसून झाल्यावर बाईंनी उजव्या पायातला बूट काढायला सुरुवात केली.

"आता काय?" मी विचारलं.

"हाही लिहून घ्या. आजचा. बारा वर्षांत पसरलाय तो. आज आहे जागेवर, पण तुमच्या पेटीत असला की मला झोप लागेल."

मावशीने प्लास्टर भिजवलं. बाईंचा उजवा पाय धुतला, पुसला, पट्ट्या गुंडाळल्या, सुकायची वाट बघितली. दुपारी सुई फिरायला लागली. या वेळी आकडे थेट नव्या कॉम्प्युटरमध्ये जात होते, आणि ते लिहून घ्यायला मी बसलो होतो, कारण मावशी म्हणाली तिचे गुडघे दुखतात. तिचे गुडघे दुखत नाहीत. मला नंबर विचारला गेला: दोनशे सतरा. बाजू विचारली गेली: उजवा. मग पडद्यावर तिसरा प्रश्न आला, एक्सपर्टने नव्याने घातलेला, आणि माझी बोटं थांबली.

"खूण काय घालू, विचारतोय," एक्सपर्ट मागून म्हणाला. "पाय आहे, म्हणजे दोन."

मावशीने सुईवरून मान वर केली नाही.

"एक," मी म्हणालो, आणि एक घातला.